शाल नको, घड्याळ हवे

चाळिशी उलटलेल्या माणसाशी वागण्याच्या आपल्या समाजाला दोनच रीती ठाऊक आहेत. तो काही धडपड करू लागला की त्याला म्हातारचळ लागला म्हणायचे, आणि तो ती करून बसला की त्याच्या खांद्यावर शाल घालायची. पहिल्या रीतीविषयी माझी फारशी तक्रार नाही. टिंगल करणारा निदान आपल्याला गड्यांत तरी धरतो. माझे भांडण आहे ते शालीशी; आणि वाचकहो, आपल्यापुढे फराळाचे ताट असतानाच ते मांडतो, याबद्दल क्षमा असावी.

घडले ते असे. गेल्या वर्षी पावसाळा सरल्यावर सह्याद्रीच्या एका घाटमाथ्यावर डोंगरी सायकलींची शर्यत होती. अंतर ५० किलोमीटर, त्यात डांबरी सडक जेमतेम चार. बाकी सगळे जांभ्याचे चढ, सुटे गोटे आणि गुरांच्या वाटा. माझे वय ४७. शाळेची घंटा होण्याआधी रोज गावामागची टेकडी दोनदा चढून मी तयारी केली होती. शर्यतीचा एक नियम असा, की तिसऱ्या चौकीवर साडेअकराच्या आत जो पोहोचणार नाही, त्याने सायकल ट्रकात घालावी. नियम रास्त होता. पुढची वाट दरीच्या कडेने उतरते. उन्हाने थकलेला माणूस तेथे नको त्या क्षणी पुढचा ब्रेक दाबतो आणि हँडलवरून खाली जातो.

मी पोहोचलो तेव्हा ११ वाजून ३४ मिनिटे झाली होती. माझ्या आधी दोनच मिनिटे एक विशीतला मुलगा येऊन पोहोचला होता. त्याची सायकल ट्रकात चढली होती आणि तो दगडावर बसून बूट सोडीत होता. चौकीवरचा तरुण मात्र मला पाहून प्रेमाने म्हणाला, "काका, तुम्ही जा पुढं. तुम्हांला कसला नियम?"

दगडावरच्या मुलाने मान वर करून माझ्याकडे पाहिले. तो काही बोलला नाही. मी खाली उतरलो आणि माझी सायकल त्याच्या सायकलीशेजारी ट्रकात ठेवली. संध्याकाळी बक्षीस समारंभात, शर्यत अर्धवट सोडलेल्या या माणसाचे नाव 'प्रेरणास्थान' म्हणून पुकारण्यात आले. शाल तयार होती, श्रीफळही होते. मी उठलो नाही. तेव्हापासून त्या मंडळींत मी गर्विष्ठ ठरलो आहे.

मी मास्तर आहे. मुलांच्या उत्तरपत्रिका तपासण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. एखाद्या मुलाला मी नापास म्हणतो तेव्हा त्यात एक विश्वास असतो, की हा पुढच्या खेपेस पास होईल. ज्याच्याविषयी तो विश्वास उरत नाही, त्याच्याच पदरात आपण हळूच चार गुण टाकतो. 'काका, तुम्ही जा' या चार गोड शब्दांत मला ते चार गुण दिसले. त्या मुलाला थांबविणाऱ्याने त्याचा मान राखला होता. मला सोडणाऱ्याने मला हिशेबातून काढून टाकले होते.

अमेरिकेतील कोलोरॅडोत लेडव्हिल नावाचे खाणकामगारांचे गाव आहे. ते १०,००० फुटांहून उंचावर वसले आहे. तेथे १९९४ पासून शंभर मैलांची डोंगरी सायकल शर्यत होते. मधला चढ सुमारे साडेबारा हजार फुटांवर नेतो. तेथे दम पुरत नाही म्हणून भलेभले सायकल हाती धरून चालतात. बारा तासांच्या आत परत आलात तर कमरपट्ट्याचे बक्कल मिळते, नऊ तासांच्या आत आलात तर मोठे मिळते. ते देताना कोणी जन्मतारीख विचारीत नाही. नेड ओव्हरेंड १९९० साली या खेळाचा जगज्जेता झाला, तेव्हा तो ३५ वर्षांचा होता. पुढे २०१५ मध्ये, ५९ व्या वर्षी, बर्फावर चालणाऱ्या जाड टायरच्या सायकलींची अमेरिकन राष्ट्रीय स्पर्धा त्याने जिंकली, आणि तीही तरुणांना मागे टाकून. त्याच्यासाठी कोणी घड्याळ थांबविले असते, तर त्या विजयाला काय किंमत राहिली असती?

यावर कोणी म्हणेल, "अहो, पण शरीर थकते ना!" थकते, कोण नाकारतो? वयाबरोबर हृदयाचा सर्वाधिक वेग उतरतो, छाती पूर्वीइतका प्राणवायू स्नायूंना पुरवीत नाही, आणि पडलो तर हाड सांधायला वेळ लागतो. म्हणून वयाचे गट पाडा. माझी हरकत नाही. कुस्तीतही वजनाचे गट असतात. पण हलक्या वजनाच्या पैलवानाला कोणी कुस्ती न खेळताच फेटा बांधीत नाही!

फ्रान्समधील रोबेर मार्शां याने २०१४ साली, १०२ व्या वर्षी, एका तासात २६.९२७ किलोमीटर सायकल मारली. तीन वर्षांनी, २०१७ मध्ये, तो पुन्हा फ्रान्सच्या त्याच धावपट्टीवर उतरला आणि २२.५४७ किलोमीटर गेला. त्याच्यासाठी १०५ वर्षांवरचा नवा गट काढला, तो खुशाल काढोत. परंतु मधले चार किलोमीटर कोणी त्याला दान दिले नाहीत. आपण किती मंदावलो, हे ऐकण्याइतका तो माणूस आहे असे त्या घड्याळाने मानले. याहून मोठा सत्कार मला ठाऊक नाही.

तेव्हा आपल्या घरातील काका, आजोबा, आत्याबाई या दिवाळीत काही नवे आरंभतील, तर त्यांना हसा, खुशाल हसा. चूक झाली तर चूक म्हणा. फक्त हात जोडून 'तुम्हांला सगळे माफ' असे म्हणू नका. ज्याला सगळे माफ, त्याच्याकडून कशाचीच अपेक्षा उरलेली नसते.

यंदाही मी त्या घाटमाथ्यावर जाणार आहे. ती पाच मिनिटे टेकडीवर कमवीत आहे. तीन हाती लागली आहेत, दोन बाकी आहेत. साडेअकराच्या आत पोहोचलो तर माझी वाट सोडा. एक मिनिट जरी उशीर झाला, तर ट्रक कोठे उभा आहे तेवढे सांगा.