फाटा कुठे देणार?

वाचकहो, दिवाळी अंकात रस्त्यासारखा धुळीचा विषय काढू नये, असा संकेत आहे. पण ऐन दिवाळीच्या तोंडावर जव्हारला जाण्याचा योग आला आणि तिथल्या बाजारपेठेत लक्ष्मीपूजनापेक्षा रस्त्याचीच चर्चा अधिक ऐकली. तेव्हा आमचा नाइलाज आहे.

सरकारच्या रस्त्यांच्या कामातले एक अधिकारी आमचे जुने स्नेही. ते तिकडे निघाले होते आणि मोटारीत एक जागा रिकामी होती. जव्हारला एका किराणा व्यापाऱ्याच्या पेढीवर चहा ठरला होता. पाच-सात व्यापारी जमले. दोघे मोखाड्याहून मुद्दाम आले होते. साहेबांनी तांदळाच्या पोत्यांवर नकाशा पसरला आणि तो उडू नये म्हणून शेठजींनी चार कोपऱ्यांवर चार वजने ठेवली.

प्रकरण असे आहे. डहाणूजवळ वाढवणला मोठे बंदर व्हायचे आहे. २०२४ च्या जूनमध्ये केंद्राने त्याला मंजुरी दिली, खर्चाचा आकडा ७६,२२० कोटी रुपये, आणि त्याच वर्षी ३० ऑगस्टला पालघरला पायाभरणी झाली. आता जहाजातून उतरलेला माल नुसता किनाऱ्यावर ठेवून भागत नाही. तो नाशिक, विदर्भाकडे गेला पाहिजे. म्हणून २०२५ च्या ऑगस्टमध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने तवा ते भरवीर असा सुमारे १०५ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग मंजूर केला. भरवीरला तो समृद्धी महामार्गाला मिळेल. आजचा वळसा १८३ किलोमीटरांचा आहे. चार-पाच तासांचे काम तास-दीड तासावर येईल, असा सरकारचा हिशेब. आणि वाटेत लागतात ते आमचे विक्रमगड, जव्हार, मोखाडा.

साहेबांनी हे सगळे समजावून सांगितले. सर्वांनी माना डोलावल्या. मग शेठजी म्हणाले, "रस्ता होईल हो साहेब, होणारच. पण फाटा कुठे देणार?"

साऱ्या प्रश्नाचे मूळ या एका वाक्यात आहे. जुन्या रस्त्याला कुठूनही फाटा फुटतो; एखादे वडाचे झाड असले, एक चहाची टपरी असली की फाटा झाला. नव्या तऱ्हेचा रस्ता तसा नसतो. त्याला दोन्ही बाजूंनी कुंपण. आत शिरायचे ते नेमलेल्या ठिकाणी, टोल भरून. समृद्धीवर तर दुचाकीला आणि रिक्षाला मज्जावच आहे. म्हणजे रस्ता गावाच्या उशाशी असून गावाचा नाही, असे होऊ शकते. शिवाजी महाराज १६६४ साली सुरतेवर निघाले तेव्हा जव्हारच्या राजाने शिरपामाळावर त्यांचे स्वागत केले, असे इथे सांगतात. त्या फौजेला फाटा विचारावा लागला नव्हता, एवढेच.

खानावळवाल्याची चिंता वेगळी. आज पालघरहून त्र्यंबकेश्वरला जाणारी वाहने जव्हार-मोखाड्यातूनच जातात, चहाला थांबतात, मग तोरंगणचा घाट चढतात. तो म्हणाला, "उद्या ती वरच्यावर निघून गेली, तर माझी भजी कोण खाणार?" त्यावर कोणी हसले नाही.

मोखाडेकरांनी मोखाड्याचे नाव पुढे केले, जव्हारकरांनी जव्हारचे. कोणीतरी हळूच खोडाळ्याचेही घेतले. संस्थान १९४८ साली विलीन झाले, पण सीमेचे भांडण करायची हौस काही विलीन झालेली नाही. साहेब म्हणाले, "मंडळी, फाटा मागून मिळत नाही. आम्ही वाहने मोजतो. संख्या भरली तर देतो."

"रस्ता नसताना वाहने मोजायची, म्हणजे विहीर खणण्याआधी पाणी मोजण्यातला प्रकार," खतांचे दुकान असलेले काका म्हणाले. "आणि मोजणार कधी? दिवाळी झाली की अर्धा तालुका वीटभट्ट्यांवर जातो. भिवंडी, वसई, कल्याण. तो परततो शिमग्याला. माझी उधारीची वही बघा, चार महिने कोरी असते."

साहेबांनी हे आपल्या टाचणवहीत लिहून घेतले. आम्हाला वाटते, त्या दिवशी नोंदण्यासारखी हीच गोष्ट होती. वाहनांची मोजदाद करणाऱ्याने कोणत्या महिन्यात केली, यावर तालुक्याचे नशीब ठरावे हे विचित्रच.

मग जमिनीचा विषय निघाला. हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात. १९९६ च्या पेसा कायद्याने जमीन घेण्यापूर्वी ग्रामसभेचा विचार घ्यावा लागतो. शिवाय २००६ च्या कायद्याने मिळालेले वनपट्टे आहेतच. व्यापाऱ्यांना यात फारसा रस नव्हता. ते पुन्हा फाट्याकडे वळले.

एक मोगऱ्याचा बागाईतदार दारात केव्हाचा उभा होता, तेल न्यायला आलेला. इकडे मोगरा बरा होतो आणि त्याच्या कळ्या थेट दादरच्या फुलबाजारात जातात. आम्ही त्याला म्हटले, "रस्ता झाला तर तुमची फुले लवकर पोचतील, नाही?"

"पोचतील की. पण पाड्यावरून डांबरीपर्यंत मी डोक्यावरच आणतो, भाऊ."

बोलणे थांबले. २०२२ च्या ऑगस्टमध्ये बोटोशीजवळच्या मर्कटवाडीत घरीच बाळंत झालेल्या एका बाईची जुळी दगावली आणि तिला झोळीत घालून चिखलातून तीन किलोमीटर न्यावे लागले, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते. सांगायची गरज पडली नाही.

साहेबांनी नकाशावर पाडा शोधला. त्या मापाच्या नकाशात तो नव्हता. "पाड्याचे रस्ते आमच्याकडे येत नाहीत," ते खऱ्याच खेदाने म्हणाले, "त्याचे खाते निराळे."

"हो, तेच सांगतात सगळे," तो म्हणाला आणि शेठजींकडे वळला. "एक लिटर द्या, शेठ. पैसे शिमग्याला."

शेठजींनी नकाशावरचे एक वजन उचलले, वही उघडली आणि लिहून घेतले.