विरळ केलेले विष शुद्ध होत नाही

दिल्लीच्या वेशीवरील कचऱ्याचे डोंगर म्हणजे राजधानीच्या नागरी कारभाराचे उघडेवाघडे चित्र होय. गाझीपूरचा डेपो 1984 साली सुरू झाला, भालस्व्याचा 1994 साली आणि ओखल्याचा 1996 साली. तळाशी अभेद्य अस्तर न घालताच ते रचले गेले. 1 सप्टेंबर 2017 रोजी गाझीपूरचा कडा कोसळून दोघांचा बळी गेला, तेव्हा काही दिवस हळहळ व्यक्त झाली. परंतु या डोंगरांतून रात्रंदिवस झिरपणारे काळे पाणी, ज्याला तंत्रज्ञ लीचेट म्हणतात, ते गाजावाजा न करता जमिनीत मुरत असते. झोपडपट्ट्यांतून उठवून ज्या कष्टकऱ्यांना भालस्व्याच्या पायथ्याशी वसविले, त्यांच्या पायाखालचे भूजल त्यानेच नासविले आहे.

या पाण्याचे काय करावयाचे, असे विचारले की एक सोपे उत्तर पुढे येते : ते शहराच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात सोडावे. अमेरिकेसह अनेक देशांत ही पद्धत रूढ आहे. तिला सरसकट विरोध करण्याचे कारण नाही. सार्वजनिक केंद्राची क्षमता सार्वजनिक कामी यावी हे योग्यच आहे. खरा प्रश्न आहे तो आधी करावयाच्या चाचणीचा. ती कोण करणार, केव्हा करणार आणि काय मोजणार?

जुन्या डोंगराच्या लीचेटमध्ये जीवाणूंना पचणारा अंश थोडा व न पचणारा फार असतो. अमोनियाही विपुल असतो. लिटरमागे 2000 मिलिग्रॅम अमोनिया असलेले लीचेट प्रवाहात केवळ 2 टक्के मिसळले, तरी प्रत्येक लिटरमागे 40 मिलिग्रॅमची भर पडते. साध्या मैलापाण्यात मुळातच जवळपास तेवढा अमोनिया असतो. म्हणजे केंद्रावरील हा बोजा दुपटीच्या घरात जातो. न पचणारी द्रव्ये तर बव्हंशी तशीच पार होतात. विरळ झालेला नमुना परीक्षेत उत्तीर्ण होतो, यमुनेत जाणारा भार मात्र तेवढाच राहतो!

नियमांनीही ही पळवाट खुली ठेवली. केंद्र सरकारच्या 2016 च्या घनकचरा नियमांत लीचेट नदीनाल्यांत सोडताना त्याची रासायनिक ऑक्सिजन मागणी लिटरमागे 250 मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी, असे बंधन होते. सार्वजनिक गटारात सोडण्यासाठी मात्र तो रकाना रिकामा होता.

घरांच्या प्रश्नावर लिहिताना एंगल्सने 1872 सालीच दाखवून दिले होते की, भांडवलदार वर्ग गलिच्छ वस्त्यांचा प्रश्न सोडवीत नाही, तो केवळ दुसरीकडे हलवितो. दिल्लीत डोंगर महानगरपालिकेचे आहेत, शुद्धीकरण केंद्रे जल बोर्डाची आहेत. एका खात्याच्या वहीतून नोंद पुसून दुसऱ्याच्या वहीत मांडणे म्हणजे शुद्धीकरण नव्हे. त्याचा भुर्दंड शेवटी पडतो तो केंद्रातील कंत्राटी कामगारावर, गाळ खत म्हणून वापरणाऱ्या शेतकऱ्यावर आणि नदीकाठच्या गरिबांवर.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. चाचणी कंत्राटदाराच्या हाती न देता स्वतंत्र सार्वजनिक प्रयोगशाळेने करावी. लीचेटचा लोंढा वाढतो त्या पावसाळ्यासह ती वर्षभर चालावी. केवळ विरळ पाण्याचे प्रमाण न मोजता केंद्रात आलेला व बाहेर पडलेला एकूण भार मोजावा. गाळातील जड धातू आणि कामगारांचे आरोग्यही तपासावे. डोंगराजवळच लीचेटवर प्राथमिक प्रक्रिया सक्तीची असावी. आणि सर्व आकडे पायथ्याच्या वस्तीत हिंदीत जाहीर लावावेत.

विज्ञान जनतेच्या देखरेखीखाली आले तरच ते जनतेचे रक्षण करील. ही देखरेख कोणी आपणहून देणार नाही. कामगार संघटनांनी आणि वस्त्यांतील समित्यांनी ती संघटित लढ्यानेच मिळविली पाहिजे.