नंदगिरी: काठ बांधण्याआधी एक चर घ्या

नांदेडच्या नंदगिरी किल्ल्याला गोदावरीचा तीन बाजूंनी वेढा आहे आणि चौथ्या बाजूला शहर. आत बाग आहे, पाणीपुरवठ्याची बांधकामे आहेत, अधूनमधून तट आणि बुरूज उभे आहेत. कोकणात विजयदुर्गाला समुद्राने जे दिले, ते इथे नदीने दिले: पाण्यात घुसलेले भूशिर आणि जमिनीच्या अंगाने येणारी एकच वाट. विजयदुर्ग 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. त्या यादीतील बारा किल्ल्यांपैकी अकरा महाराष्ट्रातले आहेत, मराठवाड्यातला एकही नाही. ती यादी मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याची असल्याने यात अन्याय शोधण्याचे कारण नाही. पण आपल्या किल्ल्यांखाली काय आहे हे आपणच अजून नीट पाहिलेले नाही, ही उणीव आपली आहे आणि ती आपल्यालाच भरून काढायची आहे.

नंदगिरीत उत्खनन करावे का, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. उत्खननाच्या विरोधातले तीन मुद्दे आम्हांला खरोखर वजनदार वाटतात.

पहिला मुद्दा: जागा उरलीच कुठे? ज्या भूमीवर टाक्या, नळमार्ग, बागेचे वाफे आणि पायवाटा झाल्या, तिथले थर केव्हाच विस्कटले असणार, असे जाणकारही म्हणतात. याचे उत्तर स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर मिळते. तिथे बर्गहेड नावाचा, समुद्रात घुसलेल्या भूशिरावरचा पिक्ट लोकांचा प्राचीन किल्ला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याच्या निम्म्याहून अधिक भागावर नवे गाव वसवले गेले आणि तटाचे दगड घरांना व बंदराला लागले. बैल कोरलेल्या सुमारे तीस शिळा तेव्हा मिळाल्याची नोंद आहे, आज त्यांतल्या सहाच उरल्या आहेत. आता इथे काही शिल्लक नसणार, असे पुढची दोनशे वर्षे अभ्यासकांनीही धरून ठेवले. 2015 पासून ॲबर्डीन विद्यापीठाने तिथे चर घेतले, तेव्हा एका लांबट घराचे अवशेष आणि आल्फ्रेड राजाचे नवव्या शतकातले नाणे हाती आले. वरून खरवडलेल्या जागेखालीही थर टिकतात. नंदगिरीत ते टिकलेच आहेत असे यावरून सिद्ध होत नाही, पण ‘काही उरले नाही’ हे पाहिल्याशिवाय म्हणता येणार नाही, एवढे नक्की.

दुसरा मुद्दा पैशाचा, आणि तो अधिक टोकदार आहे. कंधारचा राष्ट्रकूटांशी नाते सांगणारा भुईकोट, खंदकासह, अजून उभा आहे. बालाघाटच्या कडेवरचा उदगीरचा किल्लाही उभा आहे. 1760 च्या फेब्रुवारीत उदगीरच्या मोहिमेत सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवले, हे मराठी वाचकाला सांगायला नको. या दोन्ही किल्ल्यांवर आणि औशाच्या किल्ल्यावर दर पावसाळ्यात तटांच्या सांध्यांत झुडपे वाढतात, मुळे दगड सरकवतात. जे डोळ्यांसमोर ढासळते आहे ते सोडून जे दिसतच नाही त्यावर खर्च का करावा? डागडुजीचा मोठा निधी कंधार-उदगीरलाच आधी मिळाला पाहिजे, याबद्दल आमचे दुमत नाही. मात्र डागडुजी आणि चाचणी उत्खनन यांच्या खर्चात जमीनअस्मानाचे अंतर आहे. दोन-तीन चरांचे पैसे वाचवून उदगीरचा एक बुरूजही उभा राहणार नाही.

तिसरा मुद्दा आम्हांला सर्वांत अवघड वाटतो. खणलेली जागा पुन्हा पहिल्यासारखी करता येत नाही. थर एकदाच उलगडतात, आणि खणणाऱ्याने नोंद नीट ठेवली नाही किंवा अहवाल छापला नाही, तर ते वाचून झालेले पान जाळल्यासारखे होते. आपल्या शेजारी, गोदावरीवरच्याच पैठणमध्ये, 1990 च्या दशकात झालेल्या उत्खननाचा ग्रंथ 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. तो आला हे भाग्य. मग पुढच्या पिढीकडे चांगली साधने असतील, तोवर जमिनीतले जमिनीतच राहू द्यावे, हा युक्तिवाद एरवी आम्ही मान्य केला असता.

नंदगिरीच्या बाबतीत तो लागू पडत नाही, कारण इथली जमीन आपली वाट पाहत थांबणार नाही. विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले की नांदेडात नदी काठावर चढते आणि माती घेऊन जाते. दुसरीकडून शहर येते. 2008 च्या शिखांच्या गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दीच्या निमित्ताने केंद्राच्या नागरी पुनर्निर्माण अभियानातून इथे रस्ते, पूल, घाट अशी मोठी कामे झाली. शहराला त्यांची गरज होती, लाखो भाविकांची सोय त्यांनी केली, आणि काठावर अशी कामे पुढेही होतील. काँक्रीटचा पाया घालणारे यंत्र काही तासांत जेवढे थर उपसते, तेवढे नीट वाचायला पुरातत्त्वज्ञाला अख्खा हंगाम लागतो. मराठवाड्यातल्या गावोगावच्या पांढरीचे आणि गढ्यांचे काय झाले ते आपण पाहिले आहे: घरे लिंपायला माती नेता नेता उंचवटे सपाट झाले, आणि त्यांतली खापरे कुणी जपली नाहीत. तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी ती जपली, म्हणून आज तेरचे संग्रहालय आहे. हस्तिदंती स्त्रीमूर्ती देणारे तेर हे ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक ग्रंथातले तगर, रोमन व्यापाराशी जोडलेले, हे जगाला पटवताना अशा संग्रहाचे आणि उत्खननांचे बळ मिळाले.

नांदेडचे असे काय आहे? वाशीमला 1939 मध्ये मिळालेल्या वाकाटक विंध्यशक्ती दुसरा याच्या ताम्रपटात नांदीकड या विभागाच्या उत्तर मार्गाचा उल्लेख येतो. पुराभिलेखतज्ज्ञ मिराशींनी हे नांदीकड म्हणजे आजचे नांदेड असे ठरवले. म्हणजे चौथ्या शतकात हे ठिकाण एका विभागाला नाव देण्याइतके मोठे होते. त्याआधीच्या काळाविषयी नवनंदांची कथा सांगितली जाते. ती खरी की लोकस्मृतीची गुंफण, याचा निवाडा कागद करू शकत नाही. सातवाहन काळाची खापरे, त्याआधीची भांडी, विटांची मापे हीच साक्ष देऊ शकतात, आणि ती नदीकाठच्या सर्वांत सुरक्षित उंचवट्यावर, म्हणजे नंदगिरीवर, मिळण्याची शक्यता अधिक.

चर कुठे घ्यावा, यालाही महत्त्व आहे. भूशिरावरच्या किल्ल्याची मान जमिनीच्या बाजूला असते. शत्रू तिथूनच येणार, म्हणून तट तिथे सर्वांत जाड आणि खंदक सर्वांत खोल. बर्गहेडला तीन तट आडवे होते, तेही अठराव्या शतकात विल्यम रॉय यांनी नकाशा काढून ठेवला म्हणून आज कळते. खंदक बुजत जातो तेव्हा त्यात प्रत्येक काळाचा कचरा साचतो: फुटकी मडकी, हाडे, जळके धान्य. किल्ला कधी बांधला, कधी ओस पडला, पुन्हा कुणी जागता केला, हे त्या गाळात वाचता येते. नंदगिरीची मान वस्तीच्या बाजूला आहे. तिथे कुणाचे घर हलवण्याची गरज नाही; मोकळ्या बोळात किंवा रस्त्याच्या कडेला दोन-तीन मीटर रुंदीचा चर मूळ मातीपर्यंत नेला तरी पुरे. पाणीपुरवठ्याची बांधकामेही जिथे आहेत तिथेच राहोत. शहराचे पाणी तोडून इतिहास शोधावा, असे म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही.

नदीच्या अंगाला घेतलेला दुसरा चर आजच्या शहराच्या थेट कामाचा ठरेल. पुराने आणलेला बारीक गाळ आणि वस्तीचा थर वेगवेगळे ओळखू येतात. गोदावरी या उंचवट्यावर किती वेळा आणि कुठवर चढली, याची नोंद तिथे असू शकते. घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 दरम्यान उत्खनन केले, तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी पुराचे पाणी वळवायला घातलेला बांध सापडला. आपल्याकडे पूररेषेवरून आज वाद घालणाऱ्यांच्या हाती थोड्या दशकांचेच आकडे असतात; अशा थरांतून ते मागे नेता येतील.

म्हणून आमचे मत असे. राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाचे विभागीय कार्यालय नांदेडात आहे, स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ शहराला लागून आहे, आणि चर कसा वाचावा हे विद्यार्थ्यांना शिकवायला डेक्कन कॉलेजची माणसे येऊ शकतात. आधी जमिनीवरून सर्वेक्षण, मग दोन चर, आणि परवानगी देतानाच तीन अटी: मिळालेल्या वस्तू नांदेड जिल्ह्यातच नीट ठेवण्याची सोय आधी व्हावी, अहवालासाठीचे पैसे खोदकामाच्या पैशातून वेगळे काढून ठेवावेत, आणि अहवालाचा मराठी सारांश वर्षभरात छापावा. या अटी पाळायची तयारी नसेल, तर चर घेऊच नये. त्या वेळी खोदकामाच्या विरोधात आम्ही उभे राहू. चरांत काही मिळाले नाही, तर महापालिकेने काठ खुशाल बांधावा. मिळाले, तर घाटाचा आराखडा काही मीटर सरकवावा लागेल, आणि तो कागदावर असताना सरकवणे स्वस्त पडते.