आधी जाणारीचा फोटो!

वीकेंडला पब्लिक मॉलमध्ये, आणि अस्मादिक कॅमेरा घेऊन जालना स्टेशनवर! हसा खुशाल. पण बॉस, या मनमाड-सिकंदराबाद लाइनचा फंडाच वेगळा. निजामाच्या काळातली मीटरगेज पुढे ब्रॉडगेज झाली, आणि आता वर विजेच्या ताराही आल्या. ३० डिसेंबर २०२३ला इथून मुंबईची वंदे भारत सुटली. २०२५मध्ये ती नांदेडपर्यंत गेली. झकास! फक्त काळा धूर सोडत धडधडणारं डिझेल इंजिन आणि त्यामागे तारांविना मोकळं आकाश, ही फ्रेम इथे पुन्हा मिळणार नाही. चकाचक नव्या गाडीचे फोटो उद्याही निघतील हो. जी चाललीय, तिचा आज काढा. अर्थात, पिवळ्या पट्टीच्या मागे राहूनच!