वणीचा घाट आणि बिनप्लगची थार

शनिवारी वणी-नांदुरीमार्गे सप्तशृंगगडावर जाऊन आलो. चढताना पेट्रोल प्यायलं ते ठीक, पण उतरताना? मंडळी, साधा हिशोब करा... दोन टनांची गाडी ५०० मीटर उतरली की २.७ युनिट ऊर्जा नुसती ब्रेक आणि इंजिन तापवण्यात जाते! निम्मी परत मिळाली तरी ऑफिसचे पाच-सहा किलोमीटर फुकटात.

थार आपल्या नाशिकलाच बनते, पण तिला प्लग नाही. जीप रँग्लरची प्लग-इन अमेरिकेत २०२१ मध्येच आली. विजेवर साधारण ३४ किलोमीटर. मला तेवढे बास. सुरगाण्याकडे रात्री चार्जर कोण शोधणार?

पण इलेक्ट्रिकवर जीएसटी ५ टक्के, मोठ्या इंजिनाच्या प्लग-इनवर सप्टेंबर २०२५ पासून थेट ४०! चार्जच केली नाही तर ती नुसतीच जड पेट्रोल गाडी, मान्य. मग गाडीतला लॉग बघून कर लावा की राव!