सहल ठरवताना फुलराणीचा विचार करा



दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांत सहलीची चर्चा सुरू होते. हल्ली पहिलं नाव येतं वॉटर पार्कचं. आमच्या नेरे परिसरात हिंजवडीला नोकरी करणाऱ्यांची मुलं आहेत, शेतकऱ्यांची आहेत, बांधकामावरच्या मजुरांचीही आहेत. वर्गणीचा आकडा फळ्यावर लिहिला की काही मुलं मान खाली घालतात. सहलीच्या दिवशी त्यांचं 'पोट दुखतं'. ही पोटदुखी कसली, हे आपल्याला कळत नाही का?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. प्राथमिक शाळेची सहल सगळ्या वर्गाला परवडेल अशीच हवी. पुण्यातल्या पेशवे पार्कची फुलराणी त्यासाठी उत्तम. १९५६ पासून ती मुलांना फिरवते आहे. शेजारीच सारसबाग आणि पर्वती, म्हणजे दिवसभराची सोय झाली.

"त्या छोट्या गाडीत शिकण्यासारखं काय?" असं कोणी म्हणेल. भरपूर आहे! मुलं आगगाडी काढतात तेव्हा अजूनही धूर सोडणारं इंजिनच काढतात आणि तोंडाने 'झुकझुक' म्हणतात. पण तो आवाज कुठून आला? कोळशाच्या आगीने पाण्याची वाफ होते, वाफ दट्ट्याला ढकलते, दट्ट्या चाक फिरवतो आणि वापरलेली वाफ धुरांड्यातून जोरात बाहेर पडते. तीच ती झुकझुक. आज फुलराणी वाफेवर धावत नाही, म्हणून सहलीच्या आधी मुलांना घरी भाताच्या पातेल्यावरचं हलणारं झाकण बघायला सांगा. झाकण कोण उचलतं, हे त्यांनाच शोधू दे.

गाडीत बसल्यावर मोठ्या मुलांनी घड्याळ लावून एका फेरीचा वेळ मोजावा. लहानांनी वाटेत दिसलेल्या पाच गोष्टी लक्षात ठेवाव्यात. परत आल्यावर रुळांचा नकाशा काढायचा. गाडी एवढी धावली, मग निघाली तिथेच कशी आली? परिमितीचा पाठ इथेच सुरू होतो. १९५६ ला किती वर्षं झाली, ही वजाबाकी पण झालीच. घरात आजी-आजोबांपैकी कोणी फुलराणीत बसलं होतं का, तेही विचारू दे. इतिहास तिथून सुरू होतो.

पालकांनो, वॉटर पार्कला माझा विरोध नाही. सुट्टीत कुटुंबासोबत जरूर जा. पण शाळेची सहल ही वर्गाची असते. त्या दिवशी हजेरीपटावरचं प्रत्येक नाव गाडीत बसलेलं असायला हवं. बालसभेत किंवा पालकसभेत हा विषय यंदा नक्की मांडा.