आधी स्टिअरिंग, मग टायर

गाडी उंच करून घेतलेली मंडळी आपल्या गाडीबद्दल बोलायला लागली की दोन आकडे सांगतात. किती इंच उचलली आणि किती इंचाचे टायर लावले. 'साडेचार इंच, तेहतीसचे टायर' असं म्हटलं की समोरच्याच्या भुवया वर जातात आणि गप्पा पुढे सरकतात. स्टिअरिंगचं काय केलंस, हे मात्र कोणी विचारत नाही. माझं मत सरळ आहे. पहिला प्रश्न हाच हवा, आणि त्याचं उत्तर धड मिळालं नाही तर त्या गाडीत बसून हायवेवर जाऊ नये. घरच्या माणसांना घेऊन तर नाहीच नाही.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे ही लागण आता आमच्याच घरात झाली आहे :-) ताईचा मुलगा इथे कोलोरॅडोत नोकरीला लागला आणि त्याने १९९९ सालची जुनी जीप चेरोकी घेतली. आवड उत्तम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. ही चौकोनी, खोक्यासारखी चेरोकी अमेरिकेत १९८४ पासून २००१ पर्यंत विकली गेली. वजनाला हलकी, चार लिटरचं सहा सिलिंडरचं दणकट इंजिन आणि पुढे-मागे सलग अ‍ॅक्सल. डोंगरातल्या दगडधोंड्यांच्या वाटांवर हिचं प्रेम असलेली माणसं आजही भरपूर आहेत. आता भाच्याला ती तीन इंच उचलून एकतीसचे टायर लावायचे आहेत. त्याने खर्चाची यादी दाखवली. स्प्रिंगा, शॉक अ‍ॅबसॉर्बर, टायर, पुढचा बंपर, छतावरचे दिवे. स्टिअरिंगच्या नावापुढे एकच ओळ होती, 'जाड स्टॅबिलायझर'.

"मामा, तेवढ्याने काम होतं. दुकानवाला म्हणाला."

दुकानवाला म्हणणारच. स्प्रिंगा विकणं सोपं असतं, भूमिती समजावणं अवघड.

तर ही भूमिती थोडी समजून घेऊ. इथे गाडीतलं ज्यांना फारसं कळत नाही अशी आमची आत्या-काका मंडळीही वाचतात, म्हणून सावकाश सांगतो. चेरोकीत स्टिअरिंगचा गिअरबॉक्स चालकाच्या बाजूला, गाडीच्या सांगाड्याला बोल्टने जोडलेला असतो. त्यातून खाली एक आखूड दांडी येते, ती पिटमन आर्म. तिच्या टोकापासून एक लांब दांडी तिरकी, पलीकडच्या चाकापर्यंत जाते. ही ड्रॅग लिंक. आणि चालकाच्या बाजूच्या चाकाकडे जाणारी टाय रॉड मधेच या ड्रॅग लिंकलाच जोडलेली असते. याशिवाय आणखी एक दांडी सांगाड्यापासून अ‍ॅक्सलपर्यंत जाते, ट्रॅक बार. तिचा चाक वळवण्याशी संबंध नाही. अ‍ॅक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून ती असते.

कारखान्यातून आलेल्या गाडीत ट्रॅक बार आणि ड्रॅग लिंक जवळजवळ समांतर आणि बऱ्याच आडव्या असतात. यातच सगळी खुबी आहे. खड्डा आला, अ‍ॅक्सल खालीवर झाला, की दोन्ही दांड्यांची टोकं सारख्याच कमानीतून फिरतात. अ‍ॅक्सल जेवढा बाजूला सरकतो तेवढीच ड्रॅग लिंकही सरकते, त्यामुळे चाक वळत नाही आणि तुमच्या हातातलं स्टिअरिंग शांत राहतं.

आता गाडी उचलली की सांगाडा वर जातो आणि अ‍ॅक्सल तिथेच राहतो. दोन्ही दांड्या उभट होतात. उभट झाल्याने काय बिघडतं? सोयीसाठी एक मीटर लांबीची दांडी धरा. ती अगदी आडवी असताना तिचं टोक ८ सेंटिमीटर खाली गेलं, तर ते बाजूला सरकतं जेमतेम ३ मिलिमीटर. पण आधीच ते टोक १० सेंटिमीटर खाली असेल आणि तिथून आणखी ८ सेंटिमीटर गेलं, तर सरकतं ११ मिलिमीटर. खड्डा तोच, दांडी तीच, पण परिणाम तिप्पट-चौपट. शाळेतला पायथागोरस आहे, कोणीही कागदावर करून पाहावं.

आणि इथेच एक लोकप्रिय उपाय येतो, 'ड्रॉप पिटमन आर्म'. म्हणजे जास्त खाली जाणारी पिटमन आर्म लावायची, की ड्रॅग लिंक पुन्हा आडवी. दिसायला छान दिसतं. पण ट्रॅक बार उभटच राहिला ना! मग खड्ड्यात अ‍ॅक्सल ११ मिलिमीटर सरकणार आणि ड्रॅग लिंक ३. उरलेले ८ मिलिमीटर जातात चाक वळवण्यात, तेही तुम्ही स्टिअरिंगला हात न लावता. शिवाय आर्म जितकी लांब तितकी गिअरबॉक्सच्या शाफ्टला मुरड जास्त. ट्रॅक बारचं टोकही तेवढंच खाली घेणार असाल तर गोष्ट वेगळी. एकटी ड्रॉप पिटमन आर्म म्हणजे माझ्या मते पैसे देऊन विकत घेतलेलं दुखणं.

आता तो जाड स्टॅबिलायझर. सलग अ‍ॅक्सलच्या गाड्यांमध्ये एक भयंकर प्रकार होतो. ताशी पंचेचाळीस-पन्नास मैलांच्या वेगात एखाद्या सांध्यावरून चाक गेलं की पुढची दोन्ही चाकं जोरजोरात डावी-उजवीकडे फडफडायला लागतात. स्टिअरिंग हातात धरवत नाही, सगळी गाडी हादरते, आणि वेग अगदी कमी केल्याशिवाय ते थांबत नाही. इथले जीपवाले याला 'डेथ वॉबल' म्हणतात. नाव अतिशयोक्तीचं वाटेल, पण ज्याने अनुभवलंय तो हसत नाही. याचं मूळ बहुतेक वेळा कुठल्यातरी सैल सांध्यात असतं. ट्रॅक बारचा झिजलेला बॉल जॉइंट, मोठा झालेला बोल्टचा भोक, ढिला टाय रॉड एंड, किंवा बॅलन्स न केलेले टायर. स्टॅबिलायझर हा शेवटी एक शॉक अ‍ॅबसॉर्बर. तो फडफड दाबतो, सैल सांधा घट्ट करत नाही. ताप आलाय म्हणून नुसती गोळी घेऊन कामावर जाण्यातला प्रकार. आणि ज्या दिवशी तो स्टॅबिलायझर स्वतः थकतो, तोपर्यंत आतला सांधा पार गेलेला असतो.

मग करावं काय? माझ्या मते पैसे या क्रमाने घालावेत.

सगळ्यात आधी, एक पैसा खर्च न करता, एकाने गाडीत बसून इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग थोडं डावीकडे-उजवीकडे हलवत राहावं. गाडी जमिनीवरच, जॅकवर नाही, आणि हँडब्रेक ओढलेला. दुसऱ्याने बाजूने वाकून एकेक सांधा पाहावा. जिथे दांडी हलण्याआधी सांधा हलतो तिथे रोग आहे. पंचवीस वर्षांच्या गाडीत असा एक तरी सापडतोच. तो आधी बदला.

दुसरं, लांबी कमी-जास्त करता येणारा ट्रॅक बार. गाडी उचलली की जुना ट्रॅक बार अ‍ॅक्सलला चालकाच्या बाजूला ओढतो, त्यामुळे पुढची चाकं मागच्यांच्या रेषेत राहत नाहीत. तिसरं, कॅस्टर. हा कोन या गाडीत मुळात सुमारे ७ अंश असतो. गाडी उचलली की तो कमी होतो, आणि मग वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ होत नाही, गाडी रस्त्यावर भटकते. त्यासाठी योग्य लांबीच्या कंट्रोल आर्म लागतात.

चौथी टाय रॉड. चेरोकीची मूळ टाय रॉड पोकळ नळीची आहे, दगडावर आपटली की वाकते. १९९३ ते १९९८ मधल्या व्ही-एट इंजिनाच्या ग्रँड चेरोकीची भरीव टाय रॉड हिला बसते, आणि ती फार महागही नाही. तीन इंच आणि एकतीसचे टायर असतील तर एवढं पुरे. त्याहून वर जायचं असेल तर मूळ रचनाच बदलावी लागते. कारण टाय रॉड ड्रॅग लिंकला जोडलेली असल्याने, दांड्या उभट झाल्या की प्रत्येक खड्ड्यात चाकांची तोंडं आत-बाहेर होत राहतात. तेव्हा टाय रॉड थेट या चाकापासून त्या चाकापर्यंत घ्यायची, ड्रॅग लिंक वेगळी ठेवायची, दोन्ही वरून बसवायच्या, आणि ट्रॅक बारचं अ‍ॅक्सलकडचं टोकही वर उचलून समांतरपणा राखायचा. हे घरच्या गॅरेजमध्ये हौशी वेल्डिंग करून उरकायचं काम नाही.

याच्या विरुद्ध एक मुद्दा मांडला जातो आणि तो मला पटतो. अनुभवी लोक म्हणतात, टाय रॉड वाकलेली बरी. ती जॅकने जागेवरच सरळ करून घरी येता येतं. सगळं भक्कम करत गेलात तर धक्का पुढे सरकतो, आणि चेरोकीत तो जातो गिअरबॉक्सच्या बोल्टांपाशी. तिथला सांगाडा पातळ पत्र्याचा आहे, मोठ्या टायरांच्या ओढीने त्याला चिरा पडतात. एका जागी ठिगळ लावलं की शेजारी उसवतं, तसं. पण यातून 'स्टिअरिंगला हात लावू नका' हा निष्कर्ष निघत नाही. निघतो तो असा की भक्कम टाय रॉडबरोबर गिअरबॉक्सचा आधारही भक्कम करा, आणि दर मोठ्या सहलीनंतर दिवा घेऊन तिथे चिरा शोधा. एवढं करायची तयारी नसेल तर दोन इंचांवर थांबा. दोन इंचांतही कोलोरॅडोतल्या कितीतरी वाटा मजेत होतात.

आणखी एक. कोलोरॅडोत काही काउंट्यांमध्ये गाडीचा धूर तपासतात, पण स्टिअरिंगचे सांधे दरवर्षी तपासणारं सरकारी माणूस इथे नाही. म्हणजे तुमच्या ट्रॅक बारचा बोल्ट घट्ट आहे की नाही, हे तुमच्याशिवाय कोणीही पाहणार नाही. आणि डोंगरातून परत येताना वाट एकच, आय-सेव्हन्टी. ११,१५८ फुटांवरच्या आयसेनहॉवर बोगद्यातून बाहेर पडलं की डेनव्हरकडे लांबच लांब उतार, शेजारी मालाचे ट्रक, आणि पुढच्या गाडीत कोणाची तरी मुलं. दगडांच्या वाटेवर आपण ताशी चार मैलांनी जातो, तिथे काही तुटलं तर फार तर रात्र थंडीत काढावी लागते. खरी परीक्षा या उतारावर असते, आणि तिथे आपल्या हौशीची किंमत दुसऱ्याला द्यावी लागू शकते.

भाच्याशी दोन रविवार वाद झाले. त्याने यादीतून छतावरचे दिवे आणि बंपर पुढच्या वर्षावर ढकलले आणि ट्रॅक बार, टाय रॉड आत घेतली. स्टॅबिलायझर त्याने ठेवलाय, पण साधा, जाड नाही. ताई डिसेंबरात येतेय आणि त्याला तिला डोंगर दाखवायचे आहेत, हे कारण बहुधा माझ्या पायथागोरसपेक्षा जास्त लागू पडलं.

असो. तुमच्याही घरात कोणी तरुण मंडळी नव्या उंच गाडीचे फोटो पाठवत असतील तर कौतुक जरूर करा. आणि मग हळूच विचारा, "छान दिसतेय रे. ट्रॅक बार कुठला लावलास?"